‘वाचली’ऐवजी असे वाचावे

३ मार्च

प्रिय भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालीस, “आमच्याकडे डॉक्टरांना आधी बेशुद्ध करतात, मग विजेचा झटका देऊन त्यांचं हृदय थांबवतात, आणि मग छाती दाबून, औषधं टोचून ते परत चालू करतात.” मी घाबरून विचारलं, “आणि ते तयार होतात?” तू म्हणालीस, “त्यांना कोण विचारतंय, मावशी! चांगले गुबगुबीत बघून आणतो.” माझा चेहरा बघून शेजारच्या बाईंनी फोन हातात घेतला आणि मग उलगडा झाला. डॉक्टर नव्हे, डुक्कर!

तसे एक-दोन डॉक्टर माझ्या बघण्यात आहेत ज्यांना हा अनुभव द्यायला हरकत नाही. पण ते असो. माझे कान आता भरवशाचे राहिलेले नाहीत, तेव्हा यापुढे पत्रच लिही. तुझं अक्षर अजून वाचण्यासारखं आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, अक्षर सुंदर असलं की माणूस अर्धा माफ होतो.

तुमच्या संस्थेच्या अहवालाचं त्या शास्त्रीय मराठीतून साध्या मराठीत ‘भाषांतर’ करून देईन, अगदी आनंदानं. मात्र एक सांगून ठेवते. शाळेत मराठीत मी कायम काठावर पास. आमचं सगळं शिक्षण इंग्रजीतून, घरी मराठी फक्त रागवायला. मराठी मी खरी शिकले ती लग्नानंतर, तुझ्या काकांच्या शेजारी बसून शब्दकोडी सोडवताना. ते आडवे शब्द भरायचे, मी उभे. ते गेल्यापासून कोडी नुसती कापून ठेवतेय. तुझ्या अहवालाच्या निमित्तानं पेन्सिलीला टोक करीन म्हणते.

कळावे,
मावशी

१२ मार्च

प्रिय मावशी,

सोबत बारा पानं पाठवतेय. वाचताना झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्या संचालकांना लागली होती. त्यांना आम्ही मागून ‘फीतकापे’ म्हणतो. संस्थेत नवा पंखा लावला तरी ते फीत मागवतात. गेल्या महिन्यात त्यांनी दुरुस्त झालेल्या शौचालयाचं उद्घाटन केलं आणि पहिला मानही स्वतःच घेतला.

आता काम काय ते सांगते. हृदय अचानक बंद पडलं की छाती दाबतात, तू सिनेमात पाहिलंच असशील. पण दाबून रक्त फार थोडं ढकललं जातं. मग औषध टोचतात. तुमच्या जुन्या इमारतीत तुमच्या मजल्यावर पाणी चढत नसे, तेव्हा काका खाली जाऊन सगळ्यांचे नळ बंद करायचे आणि खालचे लोक त्यांच्या नावानं ओरडायचे, आठवतं? औषध तेच करतं. हातापायांच्या, पोटाच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि जे थोडं रक्त आहे ते हृदयाकडे वळवतं. हृदयाला रक्त मिळालं की ते पुन्हा चालू होण्याची शक्यता वाढते. यासाठी नेहमी अ‍ॅड्रेनलिन देतात. आम्ही तपासतोय ते नवं औषध म्हणजे त्याचाच थोरला, जास्त दांडगा भाऊ.

अर्ध्या डुकरांना नवं औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे साधं सलाइन. कोणाला काय दिलंय ते टोचणाऱ्यालाही माहीत नसतं. डुकराचं हृदय आपल्यासारखंच असतं ना, म्हणून डुक्कर. (यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणू नकोस.)

अहवाल महिनाअखेर छापायला जायचाय. आणि मावशी, मला नोकरीत कायम करायचं की नाही हे याच वर्षी ठरणार आहे. सही फीतकाप्यांची. तेव्हा जरा गोड मराठीत लिही.

तुझी,
भिंगरी

२५ मार्च

प्रिय भिंगरी,
आशीर्वाद.

पानं झाली. तुम्ही लोक असं का लिहिता ग? ‘प्राण्यांमध्ये स्वयंस्फूर्त रक्ताभिसरणाची पुनःप्राप्ती आढळून आली.’ हे वाक्य मी शेजारच्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे मेली का बिचारी?” मी म्हटलं, “नाही हो, उलट! हृदय परत चालू झालं!” “मग ‘वाचली’ म्हणा ना सरळ!”

म्हणून मी सगळीकडून ती पुनःप्राप्ती उपटून काढली आणि लिहिलं: ‘नवे औषध दिलेली जवळजवळ सर्व डुकरे वाचली.’ कसं वाटतं? एका शब्दात काम झालं. तुझे काका असते तर म्हणाले असते, तीन घरांचा शब्द, चपखल बसला.

लिहिताना मला फार बरं वाटत होतं. खरं सांगू, नळाची ती गोष्ट तू जशी समजावलीस तशी मला त्या वेळी इस्पितळात कोणी समजावली असती तर... पण तो विषय नको.

मला काही प्रश्न आहेत. वाचलेली डुकरं आता काय करतात? त्यांना वेगळं ठेवता का? शुद्धीवर आल्यावर त्यांना थंडी वाजत असणार. मला अपेंडिक्सनंतर काय हुडहुडी भरली होती! म्हणून काकांच्या जुन्या मऊ चादरी धुऊन पाठवतेय. निळ्या रेघांची जरा विरलेली आहे, ती एखाद्या पिल्लाला दे.

तुझी,
मावशी

५ एप्रिल

प्रिय मावशी,

चादरी पोचल्या. सगळे तुझं नाव काढतात.

फीतकापे तर तुझ्यावर फिदा आहेत. त्यांनी अहवाल खोलीत फेऱ्या मारत मोठ्यानं वाचला आणि ‘वाचली’पाशी थांबले. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “इतकी वर्षं आपण हे काय लिहीत होतो? पुनःप्राप्ती! पुनःप्राप्तीला कोण देणगी देतं? मावशींना माझा नमस्कार कळवा.” त्याच दिवशी अहवाल छपाईला गेला. मला एकदा छपाईची प्रूफं तपासायची होती, पण ते म्हणाले, “मावशींच्या मराठीत तुम्ही काय तपासणार?”

डुकरांबद्दल विचारलंस. ती शांत आहेत. इथे सगळं शांत असतं. स्वच्छ, थंड खोल्या, यंत्रांचा आवाज, बाकी एकदम शांत. काळजी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

१६ एप्रिल

प्रिय भिंगरी,
आशीर्वाद.

छापील अहवाल मिळाला. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर तुमच्या संचालकांचा फोटो, दुसऱ्या पानावरही त्यांचाच, जरा बाजूनं घेतलेला. शेवटच्या पानावर माझं नाव बारीक अक्षरात पाहून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारच्या बाईंनी मैत्रिणींना बोलावून वाचून दाखवला. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, डुकरांचा एवढा विचार करतात, आमच्या घरी कोणी माझा करत नाही.

आता मुद्द्यावर येते. एवढ्याशा पत्रात ‘शांत’ हा शब्द तीनदा आलाय. डुक्कर कधी शांत असतं का ग? मी शाळेत शिकवायचे तेव्हा एखादी मुलगी लागोपाठ तीनदा “सगळं ठीक आहे, टीचर” म्हणाली, की मी तिला वर्गाबाहेर घेऊन जायचे आणि रुमाल द्यायचे. बहुतेक वेळा रुमाल लागायचा.

मला येऊन बघायचीत ती डुकरं. केव्हा येऊ?

तुझी,
मावशी

२४ एप्रिल

प्रिय मावशी,

येऊ नकोस. बघायला काही नाही.

मी तुला अर्धंच सांगितलं होतं. औषध सगळ्यांचे नळ बंद करून हृदयाकडे रक्त वळवतं, हे खरं. पण आमच्या या औषधानं मेंदूतले बारीक नळही आवळले जातात असं दिसतंय. हृदय चालू झालं. जवळजवळ सगळ्यांचं झालं. पण त्यातलं एकही शुद्धीवर आलं नाही. नाडी, रक्तदाब, सगळं झकास. डोळे मात्र मिटलेले. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे आम्ही त्यांना कायमचं झोपवतो आणि मेंदू तपासतो. त्यांना काही कळत नाही, एवढं खात्रीनं सांगते.

मिठाच्या पाण्यावरच्या डुकरांपैकी फार थोड्यांचं हृदय चालू झालं. पण त्यातली दोन उठली. उठली म्हणजे खरी उठली, भांडं उलटं करून खाणं मागायला लागली. नियम त्यांनाही तोच, फक्त आठवड्यानं.

मूळ अहवालात मी दोन रकाने लिहिले होते, ‘हृदय चालू झाले’ आणि ‘जाग आली’. फीतकापे म्हणाले, “दोन रकान्यांनी लोकांचा गोंधळ होतो,” आणि तुला पाठवायच्या आधी दुसरा काढून टाकला. मी गप्प बसले. मग तुझा शब्द आला आणि मी परत गप्प बसले, कारण तो वाचून तू किती खूश होतीस ते दिसत होतं.

आता पुढचं ऐक. फरशांच्या कारखान्याच्या मालकीणबाई आमच्या सर्वांत मोठ्या देणगीदार. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आमचा अहवाल शेवटपर्यंत वाचला. त्यांना वाचलेल्या डुकराबरोबर फोटो काढायचाय. फीतकाप्यांनी काय करावं? एका पैदास केंद्रातून नवं, ठणठणीत डुक्कर मागवलंय. कार्यक्रमाच्या दिवशी त्याची छाती भादरायची, पट्टी लावायची आणि शेजारी मी स्टेथोस्कोप घेऊन उभं राहायचं. वाचवणारी म्हणून.

मी म्हटलं, “सर, हे खोटं आहे.” तर म्हणाले, “आपण कुठे खोटं बोललो? मूळ अहवालात ‘वाचली’ शब्दच नाही. तो भाषांतरात आलाय. मावशींचा आहे.” आणि माझा कायम करण्याचा कागद त्यांनी टेबलावर जरा सरळ करून ठेवला, मला दिसेल असा.

काय करू?

भिंगरी

२८ एप्रिल

प्रिय भिंगरी,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी पातेलं घासलं. स्वच्छच होतं, तरी घासलं.

तो विषय नको असं म्हटलं होतं, पण आता काढते. काकांचं हृदय बंद पडलं तेव्हा मी इस्पितळाच्या हिरव्या बाकावर बसले होते. आत त्यांची छाती दाबत होते, इंजेक्शनं देत होते. मग एक तरुण डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, “वाचले.” किती आनंदानं म्हणाला! मी त्याचा हातच धरला. मग सगळ्यांना फोन केले. वाचले, वाचले, वाचले. तुझी आईसुद्धा फोनवर रडली, आणि ती काही सहज रडणारी नव्हे.

रोज सकाळी नर्स सांगायची, “आज नाडी छान आहे हं.” छानच होती. मी त्यांचे केस विंचरायचे, कोड्यातले शब्द मोठ्यानं विचारायचे. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग एक दिवस ती छान नाडीही थांबली. आणि लोकांना फोन केले तर काय म्हणावं त्यांनी? “अहो, पण वाचले होते ना?” मला प्रत्येकाला दोनदा सांगावं लागलं. एकदा वाचले म्हणून, एकदा गेले म्हणून. मधल्या दिवसांना काय म्हणायचं, ते मला कोणी सांगितलं नाही.

त्या डॉक्टरवर माझा राग नाही. तो दमला होता आणि त्याला आनंद झाला होता. पण तुमचे साहेब दमलेले नाहीत.

आणि मी? मला ‘वाचली’ लिहायचं होतं, म्हणून मी लिहिलं. निदान डुकरं तरी वाचोत, असं काहीतरी मनात असणार. एक विचारते. काकांना दिलं ते हेच औषध होतं का?

पुस्तकात चूक राहिली की शेवटी शुद्धिपत्र जोडतात. मी लिहून पाठवतेय. तुमच्या साहेबांना द्यायचं की नाही ते तू ठरव. नोकरी तुझी, घराचं भाडं तुझं. मी इथे बसून तुला शूर व्हायला सांगणार नाही.

शुद्धिपत्र. पान सात, ओळ तिसरी. ‘डुकरे वाचली’ऐवजी ‘डुकरांचे हृदय पुन्हा चालू झाले, जाग आली नाही’ असे वाचावे.

तुझी,
मावशी

१५ मे

प्रिय मावशी,

आधी काकांचं. नाही, हे औषध नव्हतं. त्यांना साधं अ‍ॅड्रेनलिन दिलं असणार, सगळीकडे देतात ते. त्याच्याशिवाय पुष्कळांचं हृदय चालूच होत नाही. त्यांच्या मेंदूचं काय झालं ते औषधामुळे, की हृदय बराच वेळ बंद होतं म्हणून, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. मीही नाही. तुला दुसरं काही सांगितलं तर ते गोड मराठी होईल.

आता कार्यक्रमाचं. शुद्धिपत्र मी फीतकाप्यांना दिलं. ते म्हणाले, “छान आहे. पुढच्या वर्षी बघू.” आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मी कप उचलून कागद परत घेतला.

मंडप, माइक, फीत, सगळं होतं. डुकराच्या छातीवर पांढरी पट्टी. फीतकापे भाषणात म्हणाले, “मृत्यूच्या दारातून परतलेला हा जीव आज आपल्यात आहे!” जीव तेव्हा पुष्पगुच्छातली जरबेराची फुलं खात होता.

मालकीणबाई वयस्क, ठेंगण्या, चौकस. वाकून म्हणाल्या, “ह्याच्या पायाला चिखल कसा? इथे तर सगळं चकाचक आहे.” मग त्यांनी मला विचारलं, “किती वेळ बंद होतं हो हृदय?”

मी म्हटलं, “ह्याचं हृदय कधी थांबलंच नाही.”

टाळ्या! मावशी, टाळ्या! फीतकापे माइकमध्ये ओरडले, “ऐकलंत? असं औषध, की हृदय थांबलंच नाही!” फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, हसा.” खरं बोलून झालं होतं आणि कोणाला ते कळलंच नव्हतं. तिथेच थांबले असते तर सगळं निभावलं असतं. एक क्षण मी थांबलेही.

मग मी बाईंच्या हातात तुझं शुद्धिपत्र दिलं. त्यांनी चष्मा चढवून हळूहळू, ओठ हलवत वाचलं.

“कोणीच नाही उठलं?”

“औषधावरचं कोणीच नाही. मिठाच्या पाण्यावरची दोन उठली होती.”

“कुठायत ती?”

“ती पण नाहीत आता. प्रयोगाचा नियम आहे.”

“मग हा कोण?”

“हा काल आलाय. हजामत सकाळी झाली.”

बाई फीतकाप्यांकडे वळल्या. “साहेब, आमच्याकडे तडा गेलेली फरशी पॉलिश मारून विकली, तर आम्ही माणसाला घरी बसवतो.” आणि चहा न घेता निघाल्या. गाडीत बसता बसता म्हणाल्या, “त्या डुकराला कोणी हात लावायचा नाही. माझा फोटो आहे त्याच्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी मला पत्र मिळालं. कायम करता येत नाही. कारण, ‘प्रसंगावधानाचा अभाव’. जुलैअखेर मुदत संपते. शिवाय संस्थेनं चौकशी समिती नेमलीय. औषधाची नव्हे. भाषांतराची! अध्यक्ष स्वतः फीतकापे. तुला खुलासा मागणारं पत्र येईल. रागावून लिहू नकोस ग, तुझा रक्तदाब.

तुझी,
भिंगरी

४ जून

माननीय अध्यक्ष, भाषांतर चौकशी समिती, यांस
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आपण संचालकही आहात आणि समितीचे अध्यक्षही, तेव्हा मी एकच पत्र पाठवते. दोघांनी मिळून वाचावं.

आपण लिहिता, ‘वाचली’ हा शब्द चुकीचा असून त्यामुळे संस्थेची बदनामी झाली. मला चूक पूर्ण मान्य आहे. आपणच त्या शब्दासाठी मला नमस्कार कळवला होता, तो मी परत करते.

फक्त माझा थोडा गोंधळ होतोय. मी शाळेत इंग्रजीचं वाक्यपृथक्करण शिकवत असे, त्यामुळे सवय आहे. शब्द चुकीचा, याचा अर्थ डुकरं वाचली नाहीत. डुकरं वाचली नाहीत असं आता समितीचं म्हणणं आहे. मंडपात माझी भाची नेमकं हेच म्हणाली. म्हणजे जे बोलल्याबद्दल तिला आपण काढत आहात, तेच लिहून काढण्यासाठी समितीच्या बैठका होत आहेत, आणि बैठकीला बिस्किटं असतात असं ऐकते. यात कर्ता कोण आणि कर्म कोण, एवढं कृपया कळवावं.

आणि जर भाषांतर बरोबर असेल, तर डुकरं वाचलेली असणार. मग मी पुढच्या आठवड्यात ती बघायला येते. चादरी मी पाठवल्याच आहेत.

दोन्हीपैकी आपल्याला जे सोयीचं असेल ते निवडावं. पहिलं निवडल्यास शुद्धिपत्र छापावं आणि मूळ अहवालातला दुसरा रकाना, ज्यावर ‘जाग आली’ असं लिहिलेलं होतं, तो जागेवर ठेवावा. तो रकाना कोणाच्या तरी घरी लागतो. हिरव्या बाकावर बसलेल्या माणसाला पहिल्यापेक्षा दुसराच जास्त लागतो. हे मी भाषांतरकार म्हणून नाही, बाकावर बसलेली बाई म्हणून लिहिते.

आपली नम्र,
चुकीच्या शब्दाची धनीण

प्रत माहितीसाठी: फरशी कारखान्याच्या मालकीणबाई

९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राची प्रत मालकीणबाईंनी मोठी करून घेतली आणि संस्थेच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाटली. बैठक फार वेळ चालली नाही. फीतकापे म्हणाले, “माझं पहिल्यापासून हेच मत होतं.”

शुद्धिपत्र छापलं. इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला शुद्धिपत्राला शुद्धिपत्र लागेल, पण छापलं. दुसरा रकाना परत आला. बाईंची अट अशी की यापुढे तोच आधी छापायचा. समितीनं आणखी एक ठराव केलाय. ‘वाचली’ हा शब्द संस्थेत पूर्वपरवानगीशिवाय वापरू नये. परवा जिन्यात घसरता घसरता सावरलेली कारकून बाई ओरडली, “बाई ग, वाचले!” आणि सगळ्यांनी एकदम फीतकाप्यांच्या खोलीकडे पाहिलं.

मला कायम केलेलं नाही. एक वर्ष मुदत वाढवलीय. आईला वाटतं अपमान आहे, मला तसं वाटत नाही. ते पट्टीवालं डुक्कर मागच्या आवारात आहे आणि दिवसेंदिवस फुगतंय. बाईंबरोबरचा त्याचा फोटो फीतकाप्यांच्या खोलीत लागल्यामुळे त्याला कोणी हात लावू शकत नाही.

आता खरी बातमी. औषध वाईट आहे असं मी म्हणत नव्हते, प्रश्न किती आणि केव्हा द्यायचं हा आहे. म्हणून आम्ही फार कमी मात्रा देऊन नव्यानं सुरुवात केलीय. काही सिद्ध झालेलं नाही. आज एकाचं हृदय चालू झालं. पूर्वी नाडी लागली की आम्ही हात धुऊन जेवायला जायचो. आज मी गेले नाही, शेजारी जमिनीवर बसून राहिले. तुझी निळ्या रेघांची चादर त्याच्या अंगावर टाकली होती. दुपार उलटली, आणि त्याचा एक कान हलला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, असं, की तू काकांकडे बघत कोड्यातला शब्द विचारायचीस ना, आणि ते चष्म्याच्या वरून बघायचे, अगदी तसं. मग धडपडत उभं राहिलं, भांडंभर पाणी प्यालं आणि मला इतक्या जोरात ढुशी दिली की मी चादरीसकट उताणी.

नियम त्यालाही तोच आहे, मावशी. पुढच्या आठवड्यात काय होणार ते तुला माहीत आहे, मी लपवत नाही. म्हणून तुझा जुना शब्द लिहिला नाही. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘जाग आली. उभे राहिले. पाणी प्याले. ढुशी दिली.’

फीतकाप्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, “ढुशी हा तांत्रिक शब्द आहे का?”

मी म्हटलं, “मावशीला विचारून सांगते.”

तर सांग.

तुझी,
भिंगरी